सी, लुक, वॉच

आई, तीन वाजायच्या आत मला एका प्रश्नाचं उत्तर पाठवायचं आहे. प्रश्न दोन ओळींचा आहे आणि उत्तर एका शब्दात देता येईल असं आहे. आत्ता एक वाजायला दहा कमी आहेत. बाकी सगळे जेवायला गेलेत, मी डबा न उघडता टेबलाशी बसलेय, आणि उत्तराऐवजी तुला लिहितेय. तेही जुन्या टेस्टच्या पाठकोऱ्या कागदांवर. पाठकोरे कागद टाकायचे नाहीत ही तुझीच सवय. अकरा वर्षं झाली तुला जाऊन, ती काही सुटली नाही.

तू गेलीस तेव्हा मी इथे जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला शिकत होते. शिकून झाल्यावर गावाबाहेरच्या एका छोट्या कंपनीत लागले, ती अजून इथेच आहे. आम्ही दुसऱ्यांनी बनवलेली यंत्रं तपासतो. किती वजनाला वाकतात, किती वेळाने तुटतात, हे बघायचं आणि रिपोर्ट लिहायचा. लग्न झालं. तुझा जावई आठवडाभर नोकरीसाठी गेर्लिंगेनला असतो, शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो. तुला एक नात आहे, साडेचार वर्षांची. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. समजतं सगळं, बोलायचं मात्र नाही. तू असतीस तर आधी तिची आणि मग माझी खरडपट्टी काढली असतीस.

इथे बोलणं जर्मन, पण रिपोर्ट इंग्लिशमध्ये, कारण गिऱ्हाइकं बाहेरच्या देशांतली. आणि इंग्लिशचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे येतात. ‘कुर्त्से फ्रागे’, म्हणजे छोटासा प्रश्न आहे, असं म्हणत रोज कोणी ना कोणी दारात उभं असतं. क्रॅक लिहू की फ्रॅक्चर? डिफेक्ट की डॅमेज? मी स्क्रीनवरून मान न वळवता सांगते. क्रॅक म्हणजे नुसती भेग, वस्तू अजून एकसंध आहे; फ्रॅक्चर म्हणजे दोन तुकडे. डिफेक्ट बनवतानाच राहिलेला असतो, डॅमेज नंतर होतं. हे सगळं तुला कुठून येतं, असं ते विचारतात. मी म्हणते, आमच्या स्वयंपाकघरातून. त्यांना वाटतं मी चेष्टा करतेय.

शाळेतल्या इंग्लिशच्या तासासाठी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून तू केलेली ती कार्डं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली. एकेका कार्डावर जवळच्या अर्थाचे दोन शब्द, कधी तीन. मराठी अर्थ सांगायचा नाही, करून दाखवायचं, हा तुझा नियम. शेड आणि शॅडोचं कार्ड आलं तेव्हा अख्खा सहावीचा वर्ग तू भर उन्हात मैदानावर काढलास. लिंबाखाली उभं राहा, ही शेड. आता बाहेर या आणि स्वतःच्या डोक्यावर पाय देऊन दाखवा, ती शॅडो. पोरं उड्या मारमारून दमली. हेडमास्तर खिडकीतून बघत होते, पण तुला बोलायची कोणाची टाप होती! एक्स्क्यूज मी आधी म्हणायचं आणि सॉरी नंतर, हे शिकवताना तू एकदा दारातून मला मुद्दाम धक्का देऊन गेलीस आणि पुन्हा येऊन न देता गेलीस. इथे जर्मनमध्ये दोन्हीकडे एकच शब्द, एन्टशुल्डिगुंग. माझी जीभ तो म्हणताना अजून क्षणभर अडते, आधीचं म्हणू की नंतरचं.

शाळेत तुला बाई म्हणायचं आणि घरी आई. एकदा वर्गात माझ्या तोंडून आई निघालं, तर तू वळून पाहिलंसुद्धा नाहीस. मी तीनदा हाक मारली. चौथ्यांदा बाई म्हटल्यावर “येस?” म्हणालीस. पोरी फिदीफिदी हसल्या. मी आठवडाभर फुगून बसले होते.

आणि ते दूध. मी पाचवीत. सुट्टीचा दिवस आहे, सकाळ आहे, तू भाकरी थापतेयस. शेजारच्या बर्नरवर दूध ठेवलंय. डब्यातून कार्ड निघालंय तीन शब्दांचं : सी, लुक, वॉच. तू पिठाच्या हातानेच बोट दाखवतेस, “ते स्टूल घे आणि दुधासमोर बस. वॉच कर.” एवढंच? मला वाटतं आज फारच सोपं आलं. मी बसते. दुधाकडेच बघत असते, देवाशपथ, मान इकडची तिकडे करत नाही. पण बाहेर पोरी लंगडी खेळतायत आणि कोण बाद झालं ते आवाजावरून ओळखायचा माझा खेळ आत चाललाय. साय थरथरते, फुगते, वर येते, आणि सर्रकन सगळं बर्नरवर. तू झेप घेऊन गॅस बंद करतेस. मी ओरडते, “मला दिसलं नाही गं!”

“दिसलं नाही? समोर बसून?” तू म्हणालीस. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटायची. “डोळे उघडे होते म्हणजे सी झालं. तोंड तिकडे होतं म्हणजे लुकही झालं. वॉच कुठे होतं? वॉच करणाऱ्याचा हात दूध वर यायच्या आधी हलतो.” मग ओटा मला पुसायला लावलास. त्या दिवशी घरात सगळ्यांना कोरा चहा मिळाला आणि तू दोन कप प्यायलीस.

आता मार्च महिन्यातलं सांगते, म्हणजे तीन वाजता काय आहे ते तुला कळेल. आमच्याकडे एक यंत्र आलं होतं तपासायला. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला झोळीत बसवून उचलायचं आणि खुर्चीत ठेवायचं, असं. त्याच्या हाताला माणसाच्या दुप्पट वजन टांगून सहा तास ठेवायचं. वजन आणि वाकणं मोजायला मशीन असतं, पण नियम असा की सहाही तास एक माणूस समोर बसला पाहिजे. कारण लोखंड तुटायच्या आधी बारीक आवाज करतं. टक्. मशीन मिलिमीटर मोजतं, त्याला कान नाहीत.

त्या दिवशी आम्ही दोघं होतो, मी आणि आमचे मायस्टर. मायस्टर म्हणजे टेस्टच्या हॉलमधले सगळ्यात जुने कारागीर, लोखंडाचा वास घेऊन सांगतील काय बिघडलंय ते. दोन वाजता त्यांना डॉक्टरकडे जायचं होतं. जाताना त्यांनी विचारलं, “तू थांबतेस ना इथे?” मी म्हटलं, “या, या, क्लार.” हो, अर्थात. अडीचला किटातून फोन. किटा म्हणजे इथलं पाळणाघर. मुलीला ताप आहे, उलटी झाली, लगेच घेऊन जा. मी म्हटलं तासाभरात येते. त्या बाई म्हणाल्या, नाही, आत्ता. नवरा गेर्लिंगेनला, दोन तासांवर. समोर ते वजन टांगलेलं, चार तास झालेले, दोन राहिलेले.

इथे कोणीही जर्मन बाई असती ना आई, तिने काय केलं असतं सांगू? वजन खाली उतरवलं असतं, टेस्ट थांबवली असती, वर जाऊन शेफिनला, म्हणजे आमच्या साहेबीणबाईंना सांगितलं असतं, मूल आजारी आहे, मी चालले, उद्या पहिल्यापासून. कोणी भुवईही उचलली नसती. इथे तशी रजाच असते. पण माझ्या डोक्यात ते आलंच नाही. माझ्या डोक्यात आलं ते आपल्याकडचं : निभावून न्यायचं. कोणाला कळू न देता. मी गाडी काढली, पोरीला उचललं, गुंडाळलं, आणि घरी न जाता तिला घेऊन परत हॉलमध्ये आले. पस्तीस मिनिटं. वजन होतं तिथेच होतं. मग उरलेला वेळ तापलेली पोर मांडीवर घेऊन मी डोळ्यांत तेल घालून त्या लोखंडाकडे बघत बसले. तिने विचारलं, “वास माख्स्ट दू, ममा?” काय करतेस? मी म्हटलं, वॉच करतेय. आणि मला दुधाची आठवण झाली. झाली, तरी मी काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फॉर्म भरायला घेतला. त्यात छापलेलं होतं, सहाही तास टेस्ट अटेंडेड होती का? माझा हात थांबला. अटेंडेड म्हणजे माणूस हजर. ते खोटं ठरलं असतं आणि खोटं लिहायची मला लाज वाटली. म्हणून मी तो शब्द खोडून मॉनिटर्ड लिहिलं. लक्ष ठेवलं गेलं. कोणी ठेवलं, माणसाने की मशीनने, ते त्या शब्दात येत नाही. बघ ना, एक अक्षर खोटं नाही! तुझ्या हाताखाली तयार झालेल्या मुलीशिवाय त्या अख्ख्या इमारतीत हे कोणाला जमलं नसतं. खाली माझी सही. तिच्याखाली मायस्टरांची, न वाचता, कारण मी थांबते असं त्यांना म्हटलं होतं. शेफिनने वाचून “छान लिहिलंयस” म्हटलं. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.

आज सकाळी त्याच गिऱ्हाइकाचा मेल आला. परदेशातल्या एका हॉस्पिटलात त्या यंत्राचा हात उचलता उचलता खाली बसला. झोळीत एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडलं. कशामुळे झालं ते अजून कोणाला माहीत नाही. तिकडच्यांनी बोल्ट नीट बसवला नसेल, वजन जास्त झालं असेल, काहीही असेल. पण तेच यंत्र बाकीच्या हॉस्पिटलांत आजही वापरात आहे आणि त्यांना ठरवायचंय की ते बंद करायचं का. म्हणून त्यांनी विचारलंय : तुमच्या रिपोर्टमध्ये मॉनिटर्ड लिहिलंय. म्हणजे माणूस पूर्ण वेळ हजर होता का? तीन वाजेपर्यंत कळवा. तिकडे कोणीतरी बसलंय तुझ्यासारखं, शब्दाचा कीस काढणारं. आठ महिन्यांत हा प्रश्न विचारणारं ते पहिलं माणूस.

शेफिनने दार लावून घेतलं. “आल्झो,” म्हणजे तर मग, ती म्हणाली, “मॉनिटर्ड चुकीचं तर नाही ना?”

“चुकीचं नाही.”

“मग तेच जरा सविस्तर लिही. तुला येतं ते. नसलेला प्रश्न आपण कशाला उभा करायचा?”

ती वाईट बाई नाही. तिने मला विचारलंच नाही की तू होतीस का. विचारलं असतं तर तिला उत्तर ऐकावं लागलं असतं. मी बाहेर आले तर कॉफीच्या मशीनपाशी मायस्टर. कपात चमचा फिरवत, माझ्याकडे न बघता त्यांनी मात्र विचारलं, “वार्स्ट दू दा?” तू होतीस तिथे?

आणि मी म्हटलं, “या.” म्हणजे हो.

अटेंडेड नाही, मॉनिटर्ड नाही, सरळ हो. इतक्या वर्षांच्या कार्डांनंतर, एका अक्षराचं खोटं. त्यांनी मान हलवली आणि गेले. येत्या उन्हाळ्यात निवृत्त होतायत. त्यांच्या सहीवर आजपर्यंत कोणी बोट ठेवलेलं नाही. खरं लिहिलं तर माझी नोकरी बहुतेक जाईल आणि त्यांची सही खोटी ठरेल. नाही लिहिलं तर उद्या सकाळी कुठेतरी एखाद्या आजींना त्याच झोळीत बसवतील. बाकी सगळ्या शब्दांचा कीस काढून हेच दोन उरतायत.

आई, मला तुझा राग आलाय. इतका की कागदावर पेन रुततंय. तू मला शंभर जोड्या शिकवल्यास. इल आणि सिक, टायर्ड आणि वीक, हेल्प आणि फेवर. पण माझी अडचण आहे, मला मदत हवी, हे तू एकदाही करून दाखवलं नाहीस. कार्डं होती, पण तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही. तुझा हात भाजला की तू पदराखाली घ्यायचीस. बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा तू शाळेत स्पेलिंगं म्हणवून घेत होतीस आणि शिपायाशिवाय कोणाला पत्ता नव्हता. ‘निभावलं बाई’ हे तू अभिमानाने म्हणायचीस. मीही तोच अभिमान घेऊन पोरीला मागच्या सीटवर बांधलं. घसरलेल्या शब्दाबद्दल तू मला आठवडा आठवडा बोलायचीस, पण हे निभावणं, हे कोणालाच न सांगणं, यात कधी काही चुकतंय असं तुला वाटलंच नाही.

दोन वाजून दहा मिनिटं. लोक जेवून आले. मी खाली हॉलमध्ये जाऊन येते, मग पुढचं लिहीन.

पावणेपाच. किटाच्या बाहेर गाडीत बसून लिहितेय. पंधरा मिनिटांनी पोरीला घ्यायचंय.

मी गेले तेव्हा मायस्टर नटबोल्टचे पाने पुसून भिंतीवर लावत होते. मी म्हटलं, सकाळी मी तुमच्याशी खोटं बोलले. मी नव्हते. पस्तीस मिनिटं. का नव्हते तेही सांगितलं, जर्मन अडखळत होतं तरी सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, “मला फोन का केला नाहीस? डॉक्टर पाच मिनिटांवर आहे. मी परत आलो असतो.”

निभावून न्यायचं म्हणजे काय, हे त्यांना कळलं नसतं. मी म्हटलं, मला सुचलं नाही.

“आणि माझी सही,” ते म्हणाले. चिडले होते, कान लाल झाले होते. “मी न वाचता केली. ती माझी चूक आहे, तुझी नाही. ते तू लिहू नकोस, ते मी लिहीन.” मग पाना उचलला आणि पुन्हा पुसायला लागले, पुसून झालेला होता तरी. “जा वर. तीन वाजतायत.”

मी वर जाऊन लिहिलं. पूर्ण वेळ माणूस हजर नव्हता. पस्तीस मिनिटं कोणी नव्हतं. त्या वेळात यंत्राने आवाज केला असल्यास तो कोणी ऐकलेला नाही. सोडून जाणारी व्यक्ती मी. टेस्ट पुन्हा करेपर्यंत यंत्र वापरू नये असं माझं मत आहे. एकही शब्द असा नव्हता ज्याला जोडीदार शोधावा लागेल. शेफिनला आधी दाखवलं. तिने दोनदा वाचलं, चष्मा काढला, म्हणाली, “हे असं गेलं तर मला तुला वाचवता येणार नाही.” मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, माहीत आहे. तीनला सात मिनिटं असताना पाठवलं. साडेतीनला तिकडून उत्तर आलं, यंत्रं आजपासून बंद. सोमवारी सकाळी नऊला मला वर बोलावलंय. मायस्टरांनाही. नवऱ्याला फोन करून सांगितलं. पहिल्यांदाच, सगळं होऊन जायच्या आधी. तो म्हणाला, आज गुरुवार असला तरी मी येतो.

हा कागद मी कुठे पाठवणार. उलट्या बाजूला कुठल्या तरी स्प्रिंगचे आकडे आहेत. घडी करून तुझ्या पत्र्याच्या डब्यात टाकेन, तो मी इथे आणलाय, कार्डांसकट. पण तुझी खरडपट्टी काढून झाली, मग माझंही एक सांगायलाच पाहिजे, नाहीतर ते बरोबर होणार नाही.

अकरा वर्षांपूर्वीचा तो शेवटचा व्हिडिओ कॉल. तू जायच्या नऊ दिवस आधीचा. तू पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसली होतीस, उकाड्यात. थोडी अशक्त वाटतेस, असं मी म्हटलं, तर तू म्हणालीस, “वीक आहे, इल नाही. फरक कळतो ना?” मी हसले. तू चष्मा सारखा करायला हात वर केलास आणि मनगटाजवळची पट्टी दिसली, सलाइनच्या सुईवर लावतात ती. तू हात पटकन खाली घेतलास. मला वाटतं तू बघत होतीस माझ्या चेहऱ्याकडे, मला दिसली का ते. सोमवारी माझी परीक्षा होती. मी विचारलं असतं तर मला यावं लागलं असतं. “नीट दिसतंय ना गं तुला?” तू विचारलंस. मी म्हटलं, नेट खराब आहे आई, काही दिसत नाहीये.

दिसत होतं.